अठ्ठ्याहत्तरचा भाव

इतवारा, बुऱ्हानपूर
ता. ११ जुलै १९४८

चि. सुलभा,

तुझं पत्र परवा मिळालं. चार वर्षांनी. वर नुसतं 'नाना', खाली नुसतं नाव, आणि मध्ये दोन प्रश्न. बरं आहे. मीही तेवढ्याचीच उत्तरं देतो.

अनंतराव जालन्याच्या तुरुंगात आहेत हे तुझ्या पत्रातूनच कळलं. शाळेवर झेंडा लावला म्हणून मास्तराला आत टाकतात, असा तो निजामाचा मुलूख. हा माणूस तुला काय खायला घालणार, असं मी लग्नाच्या वेळी म्हणालो होतो. ते शब्द मी परत घेत नाही, आणि पुन्हा काढतही नाही.

तुझा पहिला प्रश्न धंद्याचा. हद्दीपलीकडून जी माणसं गावं सोडून देऊळगाव राजाच्या छावणीत येतात, त्यांच्या कनवटीला निजामाचे हाली रुपये असतात. इकडे आपला कलदार चालतो, हाली कोणी दुकानदार घेत नाही, आणि जे घेतात ते निम्म्या भावाने घेतात. म्हणून तू पाटल्या मोडून साडेतीनशे कलदार उभे केलेस आणि स्वतः अदलाबदलीला बसणार आहेस. धंदा कसा करतात ते कळवा, असं लिहितेस. पाटल्या कोणत्या मोडल्यास ते लिहिलं नाहीस. मीही विचारत नाही.

तर नीट वाच. सरकारी हिशोबाने शंभर हालीचे पंच्याऐंशी-शहाऐंशी कलदार होतात. तो भाव विसर. तो शांततेतला भाव आहे. आज अकोल्याचा सराफ शंभर हालीला ऐंशी कलदार देतो. तू अठ्ठ्याहत्तर दे. दोन रुपये तुझे. त्यातच जाण्यायेण्याचं भाडं आणि खोटं नाणं निघालं तर त्याची भर. दोनपेक्षा जास्त खाशील तर तुझ्यात आणि त्या दुकानदारांत फरक राहणार नाही. दोनपेक्षा कमी घेशील तर महिन्याभरात उठशील.

भाव बोलण्याआधी नाणं हातात घे. नाण्यावरचा चारमिनार नखाने चाचपायचा. खोट्याच्या कडा बोथट असतात. मग दगडावर टाकून ऐकायचं. घाईत असलेल्या माणसाचं नाणं दोनदा ऐक. घाई त्याची असते, नुकसान तुझं होतं. नोटा ओल्या असतील तर वाळवून मग मोज.

सगळ्यात मोठी गोष्ट. हाली साठवायचे नाहीत. नवशिका माणूस इथेच बुडतो. त्याला वाटतं, थोडं थांबलो तर भाव चढेल. तू भावावर पैज लावायला बसलेली नाहीस, बदलून द्यायला बसली आहेस. शंभर जमले की अकोल्याला पाठव, कलदार आण, पुन्हा बस. तुझ्या डब्यात कलदार आहेत तोवर तू आहेस. ते संपले की तू कोणी नाहीस.

दुसरा प्रश्न वाचून मला चष्मा पुसावा लागला. मुंबईच्या कोणा मदत मंडळाने मॅकरोनीची खोकी पाठवली आहेत, आणि ती कशी शिजवायची ते कोणाला ठाऊक नाही. बायका हातसुद्धा लावत नाहीत, हाडाच्या नळ्या आहेत म्हणतात. मी नेपानगरच्या साहेबाकडे जेवलो होतो ते तुला आठवलं. तिथे कागदाचा कारखाना उभा राहतो आहे, आणि तिथल्या विलायती इंजिनियरांची नाणी मी बदलून देतो. त्यांच्या बंगल्यावर कौतिक नावाचा आपल्याकडचाच स्वयंपाकी आहे. त्याला विचारून कळवतो.

प्रकृतीला जप.

शालिग्राम

इतवारा, बुऱ्हानपूर
ता. २५ जुलै १९४८

चि. सुलभा,

सकाळच्या गाडीने नेपानगरला जाऊन आलो. कौतिक म्हणाला, "शेठ, तुम्हाले कसाले पाह्यजे हे?" मी म्हणालो, मुलीला पाहिजे. तो म्हणाला, "तुम्हाले पोरगी बी हाये का?" दोन वर्षं तो मला ओळखतो.

ते असो. आधी बायकांना सांग की त्या नळ्यांत हाड नाही, अंडं नाही, काही नाही. गव्हाचा रवा आणि पाणी. आपल्या शेवया जशा, तशाच; फक्त पोकळ. कौतिकने मेमसाहेबाला माझ्यासमोर विचारून खात्री केली. कोणाला पटत नसेल तर एक नळी रात्रभर पाण्यात घालून ठेवा. सकाळी कणीक हाताला लागेल.

मोठ्या पातेल्यात पाणी खळखळा उकळायचं, मीठ घालायचं, मग नळ्या सोडायच्या. पूर्ण शिजवायच्या नाहीत. दाताने तोडली की मध्ये पांढरा ठिपका दिसला पाहिजे. "मंग पुढं ते आपोआप शिजतं, शेठ, घाई करान त लगदा व्हईन," असं कौतिक तीनदा म्हणाला. लगेच टोपलीत उपसून वरून गार पाणी ओतायचं.

दुसरीकडे लोण्यावर कणीक भाजायची, बेसन भाजतो तशी, पण रंग येऊ द्यायचा नाही. त्यात दूध थोडंथोडं घालत घोटत राहायचं. पिठल्याइतकं दाट झालं की उतरवायचं. मिरपूड, मीठ, जायफळ असेल तर चिमूटभर. साहेब लोक यात डब्यातलं चीज घालतात. तुमच्याकडे ते कुठून येणार? कौतिक म्हणाला, दही फडक्यात टांगून चक्का करा आणि तो घाला, पण खाली उतरवल्यावरच. चुलीवर घातलात तर फाटेल. गिलकी आणि वांगी बारीक चिरून तेलावर परतून घ्या.

आता भाजण्याचं. भट्टी लागत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात केळीचं पान अंथरायचं, त्यावर नळ्यांचा थर, भाजी, मग ते दाट दूध. असे दोन-तीन थर. सगळ्यात वर शिळ्या भाकरीचा चुरा तुपात परतून पसरायचा. झाकणावर निखारे, खाली मंद निखारे. अर्धा तास उघडायचं नाही. वरचा चुरा लाल होऊन कडेने बुडबुडे आले की झालं. उतरवून थोडं थांबायचं, मग सुरीने चौकोन कापायचे.

मी हे घरी करून पाहिलं. पहिल्यांदा तळ करपला, कारण निखारे जास्त झाले. दुसऱ्यांदा बरं जमलं. तुझी आई गेल्यापासून चूल मीच पेटवतो, हे तुला माहीत नसेल.

भाव काय देते आहेस? रोज किती माणसं येतात? बाहेरगावचे व्यापारी तिथे येतात का, आणि ते काय देतात? धंद्यात हे माहीत असावं लागतं, म्हणून विचारतो.

शालिग्राम

इतवारा, बुऱ्हानपूर
ता. ९ ऑगस्ट १९४८

चि. सुलभा,

पत्र मिळालं. पहिल्या दिवशी मॅकरोनीला कोणी हात लावला नाही, मग रंभाबाईने सगळ्यांसमोर एक चौकोन खाल्ला आणि म्हणाली, "शेवयाची थोरली बहीण हाय," आणि पातेलं रिकामं झालं, हे वाचून मी मोठ्याने हसलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. रंभाबाई कोण ते तू पुढे लिहिलंच आहेस: परतूरकडची, नवऱ्याबरोबर आली आहे, नवऱ्याच्या पायाला जखम आहे, त्याचं नाव गिरधर.

तुझा धंदा चांगला चालला आहे. फार चांगला. रोज चाळीस-चाळीस माणसं येतात, आणि पंडित नावाचा जो व्यापारी तिथे पन्नासने हाली घेत होता त्याच्याकडे कोणी फिरकत नाही, असं लिहितेस. त्याने तुला दमही दिला. त्याच्याशी भांडू नकोस.

आता महत्त्वाचं सांगतो. मी आधी लिहिलं होतं की हाली साठवू नकोस. ते तेव्हा खरं होतं. आता वारं फिरलं आहे. माझ्याकडे मुंबईहून पक्की बातमी आहे की दिल्ली आणि हैदराबादचा समेट होतो आहे. समेट झाला की हाली थेट शहाऐंशीवर जाईल. तेव्हा आता अकोल्याला काही पाठवू नकोस. येईल तो हाली घेऊन डब्यात ठेव. पंधरा दिवस, फार तर तीन आठवडे. शंभरामागे सहा रुपये जास्त सुटतील, ते छावणीच्या दुधाला होतील.

कलदार कमी पडतील असं तुझ्या मनात येईल. पडू देत. दोन आठवडे बसली नाहीस तर काही आभाळ कोसळत नाही. दमलीही असशील. हवं तर इकडे ये. घर रिकामंच आहे.

मी या धंद्यात पस्तीस वर्षं आहे. या एका गोष्टीत माझं ऐक.

शालिग्राम

इतवारा, बुऱ्हानपूर
ता. २४ ऑगस्ट १९४८

सुलभा,

तू दोनच ओळी लिहिल्यास: 'पंडित कोणाचा माणूस आहे?' आणि खाली, 'त्याच्या नाण्यांच्या पिशवीवर लाल दोऱ्याने शा. इ. विणलेलं आहे, ते टाके मी मराठी पाचवीत असताना घातलेले आहेत.'

पंडित नावाचा कोणीही माझ्या पेढीवर नाही. जुन्या पिशव्या आपण दरवर्षी बाजारात विकतो. त्यातली एखादी कोणाच्या हाती लागली असेल. शालिग्राम काय आणि इतवारा काय, शा आणि इ अशी अक्षरं शंभर ठिकाणी निघतील.

बारा-पंधरा वर्षांपूर्वीचे टाके ओळखता येतात असं तुला वाटतं, पण राग आला की माणसाला जे बघायचं तेच दिसतं.

डब्यात कलदार किती उरले आहेत ते लिहिलं नाहीस. गिरधरचा पाय कसा आहे?

हाली मोडू नकोस. भाव अजून चढलेला नाही, पण चढेल.

शालिग्राम

इतवारा, बुऱ्हानपूर
ता. ३ सप्टेंबर १९४८

सुलभा,

माझं मागचं पत्र काल परत आलं. वर टपालवाल्याने लिहिलं आहे, 'घेणाऱ्याने नाकारले.' हेही परत येईल, म्हणून टपालाने न पाठवता रात्रीच्या गाडीने माणसाबरोबर पाठवतो आहे. त्याच्याकडूनही घेतलं नाहीस तरी लिहिलेलं असू दे.

पंडित माझा माणूस आहे. मेपासून तो माझ्या पैशाने तिथे बसतो. पन्नासला घेतलेले हाली मी अकोल्याला ऐंशीला देतो. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा तो तिथेच होता. बायकोच्या पाठीवर मूल आणि हातात नाणी, अशा माणसांना निम्मा भाव देणारे दुकानदार कोण, असं तू लिहिलं होतंस. तो मी.

तरी तुला पहिल्या पत्रात जे लिहिलं ते खरं होतं. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. तू विचारलंस, आणि विचारणाऱ्याला बरोबर सांगायचं एवढंच हाताला ठाऊक. मला वाटलं, चार दिवस बसेल, कंटाळेल. मग पंडित आला आणि म्हणाला, "नाना, एक बाई अठ्ठ्याहत्तर देऊन राहिली. आपला धंदा बसला." मी त्याला सांगितलं नाही की ती कोण. मी माडीवर जाऊन तुला नऊ तारखेचं पत्र लिहिलं.

मुंबईची बातमी कुठलीच नव्हती. समेट होणार नाही हे मला, तुला, रस्त्यावरच्या माणसालाही कळत होतं. तुझे कलदार संपावेत म्हणून मी ते लिहिलं. कलदार संपले की माणसं पंडितकडे जातील, हा एक हिशोब. दुसरा त्याहून वाईट आहे. तू हरावीस असं मला वाटत होतं. हरलीस तर घरी येशील. 'घर रिकामंच आहे' असं मी लिहिलं होतं ना, ते त्या पत्रातलं एकच खरं वाक्य.

आज पंडित पुन्हा आला. त्याने सगळं सांगितलं, हसत नव्हता, पण त्याला काही वाटतही नव्हतं. तुझा डबा हालीने भरलेला होता आणि कलदार नऊ उरले होते. एकोणीस तारखेला गिरधरचा ताप डोक्यात चढला. बुलढाण्याच्या दवाखान्यात न्यायला मोटारवाल्याने सत्तर मागितले. रंभाबाईकडे शंभर हाली होते. तुझ्याकडे असते तर तिला अठ्ठ्याहत्तर मिळाले असते. तू नऊच्या नऊ तिच्या पदरात टाकलेस आणि बाकीचं मागायला बाजारात गेलीस. ती तोवर पंडितकडे गेली. पंडित म्हणाला, "पाया पडली, नाना. पण मी म्हटलं, भाव तो भाव." त्याने पन्नास दिले. पन्नास आणि नऊ. मोटारवाला सत्तरवर अडून बसला. बायकांनी अकरा रुपये जमवेपर्यंत दुसरा दिवस उजाडला, आणि गिरधर चिखलीच्या अलीकडे मोटारीतच गेला.

भाव तो भाव, हे वाक्य पंडितला मी शिकवलं आहे.

आता सगळंच लिहितो. तुझी आई दोन वर्षांपूर्वी नऊ दिवस अंथरुणावर होती. पाचव्या दिवशी तिने तुझं नाव घेतलं. मी तारेचा फॉर्म आणला, तिच्यासमोर लिहिला, आणि बाहेर जाऊन खिशात घातला. तिला सांगितलं, तार केली. पुढचे चार दिवस दाराशी चाहूल लागली की ती मान वळवायची. तेराव्यानंतर तुला पत्र टाकलं, त्यात 'अचानक' असा शब्द वापरला होता. अचानक काही नव्हतं.

पेढीवर जेवढे कलदार आहेत ते घेऊन मी उद्या निघतो. मलकापूरपर्यंत गाडी, पुढे मोटार. तू भेटशील की नाही हे मी ठरवायचं नाही. तुझा डबा मी शहाऐंशीने घेईन.

शालिग्राम

देऊळगाव राजा, छावणी
ता. २६ सप्टेंबर १९४८

सुलभा,

तू दोनशे पावलांवर आहेस, आणि त्या पहिल्या दिवसानंतर तीन आठवडे आपण एक शब्द बोललो नाही, म्हणून पुन्हा कागद घेतला. जे झालं ते तू पाहिलंस. पण तू चटईच्या त्या बाजूला होतीस.

मी पोचलो तेव्हा सकाळचे अकरा झाले होते. तुझ्यासमोर पंधरा-वीस माणसं रांगेत होती, कोणाकडे एक हाली, कोणाकडे पाच. तू मान वर केलीस, मला पाहिलंस, आणि म्हणालीस, "रांगेत उभे राहा." मी उभा राहिलो. माझ्या पुढच्या म्हाताऱ्याने मला विचारलं, "तुमी कुठलं?" मी म्हणालो, बुऱ्हानपूरचा. तो एकदम दूर सरकला. तुझ्या छावणीत माझ्या गावाचं नाव काय झालं आहे ते मला तेव्हा कळलं.

माझी पाळी आली. मी पिशवी ठेवली. तू कलदार एकेक करून दगडावर वाजवून घेतलेस, सगळे. माझे. माझ्याकडे न बघता. मग डबा पुढे केलास आणि म्हणालीस, "शहाऐंशी नको. अठ्ठ्याहत्तर. मी ज्या भावाने घेतले त्याच भावाने देणार. तुमच्याकडून मला नफा नको."

मी म्हणालो, "सुलभा, ते पत्र..."

"पत्र मी वाचलं. मला सांगू नका. यांना सांगा."

आणि तू मागे हात केलास, सगळ्या छावणीकडे.

दुपारी जेवणाच्या पंगतीत मी मागे बसलो होतो. मॅकरोनीचं पातेलं उतरलं होतं. एका बाईने मी कोण हे न विचारता माझ्या पानावर चौकोन वाढला. तो मी तसाच राहू दिला. सगळ्यांचं होईपर्यंत थांबलो आणि मग उभा राहिलो. पस्तीस वर्षं मी गादीवर बसून बोललो आहे. उभ्याने बोलायची सवय नाही. काय बोललो ते नीट आठवत नाही. पंडित माझा, पैसा माझा, भाव माझा, आणि सुलभाला फसवणाराही मीच, तिचा बाप. तिचा यात काही हात नाही. एवढं बोललो. मघाच्या बाईने येऊन माझ्यापुढचं पान उचलून नेलं.

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेच्या भिंतीशी बसलो. पंडितने ज्यांचे घेतले त्यांना फरक परत द्यायचा. पंडितकडे नावं नव्हती, माझ्याकडे कुठून असणार? म्हणून जो जे सांगेल ते. काही खोटं सांगून गेले असतील. मी विचारलं नाही. रंभाबाई आली नाही. तिची झोपडी समोरच आहे. ती रोज पाण्याला माझ्यासमोरून जायची आणि माझ्याकडे बघायची, जसं आपण रस्त्यातल्या खांबाकडे बघतो.

मग तेरा तारखेला फौजा गेल्या, आणि पाच दिवसांत पलीकडचं निजामाचं राज्य संपलं. आता माणसं गावी परतायला लागली आहेत. काल ट्रक भरत होते तेव्हा मी रंभाबाईच्या समोर गेलो. फरकाचे अठ्ठावीस रुपये हातावर ठेवायला गेलो. तिने हात मागे घेतला.

"तुमचं पैसं नगं मला."

मी म्हणालो, "तुमचेच आहेत, बाई."

"माजं हुतं त्या दिवशी हुतं," ती म्हणाली. "आता ह्याचं मी काय करू?"

ती ट्रकवर चढली. तिचा हात वरच्या दांडीला पोचत नव्हता. मागच्या बाईने तिला ढकलून वर घेतलं. मी पुढे झालो नाही. मी हात लावलेला तिला चालला नसता.

अनंतराव सुटल्याचं कळलं. तू उद्या जालन्याला निघणार. मी आडवा येणार नाही. पेढी बंद करतो आहे, हे फक्त कळवतो. त्याबद्दल काही म्हणू नकोस.

नाना

परतूरजवळून
ता. २८ नोव्हेंबर १९४८

सुलभा,

तुझं कार्ड बुऱ्हानपूरला मिळालं होतं. 'रंभाबाईच्या दिराने शेतावर स्वतःचं नाव लावायचा घाट घातला आहे. कचेरीत अजून उर्दूच चालते. अर्ज लिहायला तिला माणूस नाही. तुमचं उर्दू अक्षर चांगलं आहे.' चार वाक्यं. मी ती किती वेळा वाचली ते सांगत नाही.

जालन्याला गाडी थांबली तेव्हा तू फलाटावर असशील असं मला वाटलं नव्हतं. अनंतराव फारच वाळले आहेत. त्यांनी नमस्कार केला, मला काय करावं ते कळलं नाही, मीही हात जोडले. तू खिडकीतून छावणीत राहिलेल्या गिरधरच्या शेतसाऱ्याच्या पावत्या दिल्यास आणि म्हणालीस, "हरवू नका." गाडी सुटेपर्यंत तू तिथेच उभी होतीस. मला नाही, पावत्या नीट ठेवतो की नाही ते बघत होतीस. चालेल.

रंभाबाईने मला ओसरीवर बसू दिलं नाही. मी शेजारच्या देवळात उतरलो आहे. पहिले दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दीर येऊन तिच्या दाराशी आरडाओरडा करून गेला, त्यानंतर ती देवळाच्या पायरीशी आली आणि उभ्यानेच म्हणाली, "लिवा."

मी लिहायला घेतलं. गाव, सर्व्हे नंबर, किती एकर, चतुःसीमा. ती सांगत होती, मी लिहीत होतो. मग मयताचं नाव. गिरधर. बापाचं नाव. मृत्यूची तारीख. मी न विचारता वीस ऑगस्ट लिहिली. तिने पाहिलं की मला तारीख विचारावी लागली नाही.

पुढचा रकाना होता, मरणाचं कारण. माझा टाक थांबला.

"काय लिहू, बाई?"

ती म्हणाली, "उशीर."

मी म्हणालो, "कचेरीत आजाराचं नाव लागतं. ताप लिहू का? जखम?"

"तापानं न्हाई मेला. तापानं मेला आसता तर मी रडून गप झाले आसते. उशीर झाला म्हून मेला. त्येच लिवा."

मी लिहिलं.

काल तिला घेऊन कचेरीत गेलो. ती पंधरा पावलं मागून चालत होती. कारकुनाने अर्ज वाचला, त्या रकान्याशी अडला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ये क्या लिखा है? बीमारी का नाम लिखिए."

मी म्हणालो, "जो हुआ वही लिखा है."

"आप कौन होते हैं इनके?"

रंभाबाई दाराशी उभी होती. ती हिंदी समजते की नाही मला माहीत नाही. मी म्हणालो, "देर जिसकी वजह से हुई, वो आदमी."

कारकुनाने अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला, अगदी सावकाश, शिक्का मारला आणि फायलीत लावला. रकाना बदलला नाही.

परत येताना रंभाबाई तशीच मागून चालत होती, पण गावाच्या वेशीशी आल्यावर मी मागे बघितलं तर पाचच पावलांवर होती. तिने विचारलं, "पुढली तारीक कवा?"

अकरा डिसेंबर. दीर वकील करणार आहे म्हणतात. मी इथेच थांबतो आहे.

नाना